दंड आणि भुर्दंड : किरकोळ गुन्ह्यांवरील अर्थदंडाची एक चिकित्सा

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण मराठी समाजाच्या सामूहिक शहाणपणाचा नमुना म्हणून नेहमी सांगितली जाते. तिचा अर्थ आपण बहुधा दिवाणी दाव्यांच्या संदर्भात घेतो. भाऊबंदकी, बांधाचे भांडण, पिढ्यान्‌पिढ्या चालणारे खटले डोळ्यांसमोर येतात. परंतु कोर्टाची पायरी स्वेच्छेने चढणाऱ्यांपेक्षा ती चढावी लागणाऱ्यांची संख्या मोठी आहे. रस्त्यावर हातगाडी लावली, विनातिकीट प्रवास केला, सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन आरडाओरडा केला, परवान्याशिवाय वाहन चालवले, अशा कारणांनी दंडाधिकाऱ्यासमोर उभे राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला जो कायदा येतो, त्याची चिकित्सा आपल्या विद्यापीठीय लेखनात अभावानेच आढळते. खून, बलात्कार, देशद्रोह यांवरील कलमांचा काथ्याकूट विपुल होतो. दोनशे रुपयांच्या दंडाकडे मात्र कोणी वळत नाही. रक्कम लहान म्हणून विषयही लहान, असा काहीसा समज त्यामागे असावा. प्रस्तुत निबंध या समजाला आक्षेप घेण्यासाठी लिहिला आहे.

मराठीत या विषयासाठी दोन शब्द आहेत आणि ते एकमेकांपासून वेगळे आहेत. संस्कृतात ‘दंड’ म्हणजे काठी आणि त्यावरून राजाची शिक्षा करण्याची समग्र सत्ता. आजच्या मराठीत तो शब्द आकुंचन पावून पैशाच्या शिक्षेपुरता उरला आहे. दुसरा शब्द ‘भुर्दंड’. ज्याला कारण नाही, ज्याची पावती नाही, जो कोणी ठोठावत नाही आणि तरीही भरावाच लागतो तो भुर्दंड. कायद्याच्या पुस्तकात पहिल्या शब्दासाठी कलमे आहेत, दुसऱ्यासाठी एकही नाही. किरकोळ गुन्ह्याच्या आरोपीला खरी शिक्षा या दुसऱ्या शब्दातून होते, आणि आपली दंडव्यवस्था त्याची मोजदादच करत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

हरकी, गुन्हेगारी आणि हप्ते

न्यायदान आणि राजाचे उत्पन्न यांचा संबंध आपल्याकडे नवा नाही. पेशवाईच्या कागदपत्रांत निवाड्यानंतर जिंकणाऱ्याकडून ‘हरकी’ आणि हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’ घेतल्याचे उल्लेख येतात. आज गुन्हेगारी म्हणजे गुन्ह्यांची प्रवृत्ती किंवा प्रमाण. त्या काळी तो दंडाच्या वसुलीचा शब्द होता. शब्दाचा अर्थ सरकारच्या खात्यातून माणसाच्या स्वभावात कसा सरकला, हा भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांनी जरूर हाती घ्यावा असा विषय आहे.

त्याही मागे गेल्यास स्मृतिग्रंथांत दंडाच्या रकमा पणांत मोजलेल्या दिसतात. प्रथम, मध्यम व उत्तम साहसाची श्रेणी अर्थशास्त्रातही आहे आणि मनुस्मृतीतही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातील एक तरतूद येथे विशेष लक्षणीय ठरते. दंड देण्यास असमर्थ असलेल्या क्षत्रिय, वैश्य व शूद्राने काम करून ऋणमुक्त व्हावे आणि ब्राह्मणाने तो हळूहळू द्यावा, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे दंड न भरू शकणारा माणूस ही अडचण त्या स्मृतिकारालाही दिसली होती आणि तिचे दोन्ही परिचित उपाय, श्रम आणि हप्ते, त्याला सुचले होते. फक्त कोणाला कोणता उपाय हे ऐपतीवरून न ठरता वर्णावरून ठरत होते. विषमतेवर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेलाही जो प्रश्न टाळता आला नाही, तो समतेची प्रतिज्ञा करणाऱ्या कायद्याने कसा हाताळला, हे पाहणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

मेकॉलेची टीप

भारतीय दंड संहितेचा मसुदा थॉमस बॅबिंग्टन मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ साली सादर केला. मसुद्यासोबत त्यांनी विस्तृत टिपाही जोडल्या. पहिली टीप शिक्षांच्या प्रकरणावर आहे आणि तिच्यातील अर्थदंडावरचा भाग आजही वाचण्यासारखा आहे. अर्थदंडाचे फायदे मान्य करून मसुदाकार लगेच त्याच्या मूळ दोषाकडे येतात. जी रक्कम एकाला देशोधडीला लावील ती दुसऱ्याला जाणवणारही नाही. म्हणून दंडाचा आकडा अपराध्याच्या सांपत्तिक स्थितीवर अवलंबून असला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. गंभीर गुन्ह्यांसाठी दंडाची कमाल मर्यादा न घालता ती न्यायाधीशाच्या विवेकावर सोडण्यामागे हेच कारण होते. पुढे १८६० च्या संहितेच्या कलम ६३ मध्ये रक्कम नमूद नसेल तेथे दंड अमर्याद असेल, परंतु तो अवाजवी असता कामा नये, असे शब्द आले.

मेकॉले यांच्याविषयी आपल्याकडे जे बरेवाईट बोलले जाते ते बहुधा त्यांच्या शिक्षणविषयक टिपणापुरते मर्यादित असते. त्याच १८३५ साली त्यांनी न्यायालयीन शुल्कावरही टिपण लिहिले होते, याची आठवण फारशी कोणाला नसते. दावा दाखल करताना शुल्क घेतल्यास खोट्या व खोडसाळ दाव्यांना आळा बसेल, असे १७९५ च्या बंगाल विनियमाच्या उद्देशिकेत म्हटले होते. मेकॉले यांनी त्या उद्देशिकेची यथेच्छ खिल्ली उडवली. शुल्कामुळे लबाड माणूस परत जात नाही, गरीब माणूस परत जातो. आणि लबाडी व गरिबी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांच्या म्हणण्याचे सार. स्वतंत्र भारताच्या विधी आयोगाने आणि सर्वोच्च न्यायालयानेही हे टिपण पुढे अनेकदा आठवले. न्यायालयीन शुल्क मात्र राहिले.

आता याच लेखणीतून उतरलेल्या दंड संहितेत किरकोळ गुन्ह्यांचे काय झाले ते पाहावे. गंभीर गुन्ह्यांना मर्यादा नाही, म्हणून तेथे ऐपत पाहण्यास वाव आहे. किरकोळ गुन्ह्यांना मात्र ठरावीक कमाल आकडे आले. सार्वजनिक रस्त्यात अडथळा आणल्यास दोनशे रुपये (कलम २८३), सार्वजनिक उपद्रवास दोनशे (कलम २९०), मद्यधुंद अवस्थेतील गैरवर्तनास चोवीस तासांची कैद अथवा दहा रुपये (कलम ५१०). कमाल मर्यादेचा हेतू चांगला होता. क्षुल्लक गोष्टीसाठी कोणाचे घर विकले जाऊ नये. परंतु मर्यादा सर्वांना एकच असल्याने तिचा लाभ ऐपतदारालाच अधिक झाला. श्रीमंताला जास्तीत जास्त दोनशेच भरायचे होते आणि मजुरालाही दोनशेपर्यंत भरावे लागू शकत होते. १८६० च्या सुमारास दोनशे रुपये ही मजुराच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीहून मोठी रक्कम होती. टिपेत मांडलेले तत्त्व ज्याला सर्वाधिक हवे होते त्याच्याच कलमातून ते निसटले.

दंड न भरल्यास काय, याचे उत्तर कलम ६७ मध्ये होते. केवळ दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पन्नास रुपयांपर्यंत दोन महिने, शंभरपर्यंत चार महिने आणि त्यावरच्या कोणत्याही रकमेस सहा महिन्यांपर्यंत साधी कैद. म्हणजे रस्त्यात अडथळा आणल्याबद्दल कोणालाही कैद देता येत नव्हती. तरीही ज्याच्याकडे दोनशे रुपये नसत त्याला त्याच अपराधासाठी अर्धे वर्ष तुरुंगात ठेवण्याची सोय कायद्यात होती. गुन्हा एक, कलम एक, निकालपत्र एक आणि शिक्षा दोन. दुसरी शिक्षा ज्या कारणाने मिळते त्याचा गुन्ह्याशी काही संबंध नसतो.

पुढच्या दीडशे वर्षांत विधिमंडळांनी न केलेली दया चलनवाढीने केली. दोनशे रुपये हळूहळू क्षुल्लक झाले, दहा रुपये तर चहाच्या कपाइतके. आकडे जुनाट झाल्याची टीका कायद्याच्या पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे होत राहिली. हा जुनाटपणा गरिबाचे एकमेव संरक्षण होता, हे टीकाकारांच्या ध्यानात फारसे आले नाही.

नवी संहिता

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात आली. रस्त्यातील अडथळ्याचे कलम आता २८५ असून दंडाची मर्यादा पाच हजार रुपये आहे. सार्वजनिक उपद्रवाचे कलम २९२, मर्यादा एक हजार. मद्यधुंद गैरवर्तनाचे कलम ३५५. तेथेही एक हजार, किंवा सामुदायिक सेवा. साध्या दुखापतीचा दंड एक हजारावरून दहा हजारांवर गेला. गंमत अशी की बेदरकारपणे वाहन चालवण्याच्या गुन्ह्याचा दंड पूर्वी एक हजार होता आणि नव्या कलम २८१ मध्येही तो तेवढाच आहे. रस्त्यावर भरधाव मोटार हाकणाऱ्यास कैदही होऊ शकते हे खरे. परंतु दंडाचाच विचार केला तर त्याच रस्त्यावर केळ्यांची गाडी लावणाऱ्यासाठी पाचपट मोठी मर्यादा आहे. हे आकडे कोणत्या तत्त्वाने निश्चित झाले, याचा शोध संहितेच्या मजकुरात घेऊ गेल्यास हाती काही लागत नाही.

नवी संहिता अमलात आली त्याच पहाटे दिल्ली पोलिसांनी नवी दिल्ली रेल्वे स्थानकाजवळच्या एका फेरीवाल्यावर कलम २८५ खाली गुन्हा नोंदवला. नव्या कायद्याखालील देशातील पहिला गुन्हा म्हणून ती बातमी दुपारपर्यंत सर्वत्र झाली. नंतर गृहमंत्र्यांनी खुलासा केला की पहिला गुन्हा ग्वाल्हेरमधील मोटारसायकल चोरीचा होता आणि दिल्लीतील प्रकरण पोलिसांनी फेरविचार करून रद्द केले आहे. त्या एका विक्रेत्याची सुटका झाली, ते बरेच झाले. परंतु कायदा हाती आल्यावर पहिल्या काही तासांतच पोलिसांच्या हाताने नेमके हेच कलम का उघडले, हा प्रश्न खुलाशाने सुटत नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने ते उघडले. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणासाठी २०१४ साली स्वतंत्र अधिनियम झालेला असतानाही ती सवय मोडलेली नाही.

दंड न भरल्यास होणाऱ्या कैदेची नवी मोजपट्टी न्याय संहितेच्या कलम ८ मध्ये आहे. पाच हजारांपर्यंत दोन महिने, दहा हजारांपर्यंत चार महिने आणि इतर बाबतींत एक वर्षापर्यंत. येथे न्याय्य बोलायचे तर लहान दंडांच्या बाबतीत ही सुधारणा आहे. दोनशे रुपयांसाठी सहा महिने हे जुने गणित आता उरलेले नाही, आणि टीकाकाराने ते मान्य केलेच पाहिजे. परंतु वरच्या टोकाला सहा महिन्यांचे वर्ष झाले आहे. दंडवसुलीविषयीचे हे सामान्य नियम इतर कायद्यांखालील दंडांनाही लागू पडत असल्याने त्याचा परिणाम केवळ या संहितेपुरता राहत नाही. शिवाय मूळ रचना जशीच्या तशी आहे. रुपये आणि महिने यांचा विनिमय दर ठरवला गेला, तो बदलला गेला. असा विनिमय असावा काय, हे विचारले गेले नाही.

सामुदायिक सेवेचा गाजावाजा मोठा झाला. ही शिक्षा न्याय संहितेतील अवघ्या सहा गुन्ह्यांना लागू आहे. त्यांत अब्रुनुकसानी आहे, मद्यधुंद गैरवर्तन आहे, पाच हजारांहून कमी किमतीची, पहिल्याच दोषसिद्धीची आणि वस्तू परत केलेली चोरी आहे. लोकसेवकाने बेकायदा व्यापार करणे हेही त्यांत आहे. रस्त्यातील अडथळा मात्र नाही. ज्या गुन्ह्याचा आरोपी जवळजवळ नेहमीच हातावर पोट असलेला असतो, तेथेच श्रमाचा पर्याय ठेवलेला नाही. स्मृतिकाराला जे सुचले होते ते येथे सुचू नये, याचे आश्चर्य वाटते.

कबुलीची किंमत

पुस्तकातून बाहेर पडून आता कोर्टाच्या व्हरांड्यात यावे. तालुक्याच्या कोणत्याही न्यायालयात सोमवारी सकाळी दिसणारे दृश्य असे असते. पुकारा होतो. माणूस हात जोडून आत जातो. गुन्हा कबूल आहे का, असे विचारले जाते. तो एकदा हवालदाराकडे पाहतो आणि ‘कबूल’ म्हणतो. नाझराकडे पैसे भरतो, पावती घेतो, खिशात घालतो. सारे काही मिनिटांत आटोपते. प्रस्तुत लेखकाने अशा एका व्हरांड्यात बसून एका हातगाडीवाल्यास विचारले होते की तुम्ही खरोखरच रस्ता अडवला होता काय. त्याने उत्तर दिले, “सर, नाही म्हटलं तर पुढची तारीख पडते.”

या उत्तरात किरकोळ गुन्ह्यांच्या न्यायदानाचे सारे अर्थशास्त्र आले आहे. कोणी दिवसाला पाचशे रुपये कमावतो असे धरू. गुन्हा नाकबूल करायचा तर वकीलपत्र, त्यावरचा तिकीट-स्टॅम्प, वकिलाची फी, साक्षीदार पोलीस हजर नसल्याने पडणाऱ्या तारखा आणि प्रत्येक तारखेला बुडणारी मजुरी. चार तारखांत दोन हजार रुपये केवळ मजुरीचे गेले. कबूल केल्यास हजार रुपये दंड. निर्दोष असण्याचा खर्च दोषी असण्याच्या खर्चाहून अधिक असेल तेथे कबुली ही सत्याची खूण राहत नाही. विधिसेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली मोफत वकील मिळू शकतो, हे खरे आहे. पण तो वकील बुडालेली मजुरी देत नाही.

कायद्याने ही कबुली आणखी सोपी केली आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २०६ नुसार किरकोळ अपराधात आरोपीने हजर न राहता कबुलीपत्र व समन्समधील रक्कम पाठवून मोकळे व्हावे, अशी तरतूद होती. रकमेची मर्यादा एक हजार होती. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२९ मध्ये ती पाच हजार झाली. सोय म्हणून याला कोणी विरोध करणार नाही. मात्र कबुलीवर झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपिलाचा मार्ग जवळपास बंद असतो. शिक्षेचे प्रमाण व वैधता एवढ्याचपुरता तो उघडा राहतो. पावतीवर ‘दोषसिद्धी’ असा शब्द ठळक छापलेला नसतो, म्हणून पैसे भरणाऱ्यास आपण सुटलो असे वाटते. पुढे कधी चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरताना ‘आपणास कधी न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय’ हा रकाना येतो, तेव्हा तो सुटलेला नव्हता हे त्याला कळते.

हे केवळ गरिबांपुरतेही मर्यादित नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईतील मढ बेट व आक्सा परिसरातील हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले आणि बंद खोल्यांतील सज्ञान जोडप्यांना महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या सार्वजनिक असभ्य वर्तनाच्या कलमाखाली प्रत्येकी बाराशे रुपये दंड झाला. बंद खोली सार्वजनिक जागा कशी, हा प्रश्न कोणत्याही न्यायालयात टिकला नसता. पण बाराशे रुपये भरून घरी जाणे आणि बदनामीसह खटला लढवणे यांत निवड करायची असता बाराशे रुपये स्वस्त होते. दंड लहान असल्यामुळेच कायद्याची परीक्षा झाली नाही. मोठी शिक्षा वरच्या न्यायालयापर्यंत जाते, तिच्यावर निर्णय होतात, नियम तयार होतात. लहान शिक्षा ज्या दिवशी होते त्याच दिवशी विझते आणि तिच्याबरोबर तिच्यातील अन्यायही नोंदीविना विझतो.

लिहिलेला भुर्दंड

याच्याशी तुलना करण्याजोगे एक उदाहरण अमेरिकेतील मिसुरी राज्यात आहे. फर्ग्युसन या छोट्या शहरात २०१४ साली पोलिसाच्या गोळीबारात एका कृष्णवर्णीय तरुणाचा मृत्यू झाला आणि त्यानंतरच्या चौकशीचा अहवाल अमेरिकेच्या न्याय विभागाने मार्च २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्या अहवालाचा मोठा भाग गोळीबारावर नसून नगर न्यायालयाच्या दंडांवर व शुल्कांवर आहे, ही बाब बोलकी आहे. एका महिलेने २००७ साली गाडी चुकीच्या जागी उभी केली. तिला १५१ डॉलर व त्यावर शुल्क असा भरणा सांगितला गेला. हप्ते व तारखा चुकल्या, वॉरंट निघाले, सहा दिवस तुरुंग झाला. २०१४ च्या अखेरीपर्यंत तिने ५५० डॉलर भरले होते आणि तरीही तिच्याकडे ५४१ डॉलर बाकी निघत होते.

अमेरिकेत न्यायालयाचा खर्च, विलंब शुल्क, वॉरंटचे शुल्क हे दंडावर चढत जाते आणि त्याचा हिशेब आरोपीच्या हातात दिला जातो. आपल्याकडे तसे नाही. आपल्या प्रक्रिया संहितेनुसार खटल्याचा खर्च आणि पीडिताची भरपाई वसूल झालेल्या दंडातूनच देता येते; सरकारी खटल्यात आरोपीकडून वेगळे ‘कोर्टाचे बिल’ घेतले जात नाही. अदखलपात्र गुन्ह्याच्या खासगी फिर्यादीत मात्र फिर्यादीचा खर्च आरोपीने द्यावा आणि न दिल्यास तीस दिवसांपर्यंत साधी कैद भोगावी, असा आदेश करता येतो. फौजदारी दंड राज्याच्या तिजोरीत जातो, त्या गावच्या पोलिसांच्या अंदाजपत्रकात नाही, हाही फरक आहे. तेव्हा फर्ग्युसनचे चित्र उचलून जसेच्या तसे येथे लावणे चुकीचे होईल.

परंतु एका बाबतीत त्यांचा दोष आपल्यापेक्षा बरा म्हणावा लागतो. त्यांचा भुर्दंड लिहिलेला आहे. लिहिलेला होता म्हणून चौकशी करणाऱ्यांना त्याची बेरीज करता आली. आपला भुर्दंड तारखांत, एस.टी.च्या भाड्यात, बुडालेल्या रोजात विखुरलेला असतो आणि त्याचा अहवाल कोणी लिहायचा म्हटला तरी कागद कोणता वाचायचा?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली टेट खटल्यात केवळ दंडाच्या गुन्ह्यात गरिबीमुळे कैद देणे घटनाबाह्य ठरवले. १९८३ च्या बिअर्डन खटल्यात, माणूस भरत नाही की भरू शकत नाही याची चौकशी केल्यावाचून त्याला दंडापोटी तुरुंगात धाडता येणार नाही, असे म्हटले. बारा वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन निर्णयांनंतरही फर्ग्युसन घडले. आपल्याकडे तर हे तत्त्व त्याहून जुने आहे. तत्कालीन मुंबई राज्यातून गेलेल्या आदमजी उमर दलाल यांच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने पन्नाशीच्या दशकाच्या प्रारंभीच सांगितले होते की दंड ठरवताना गुन्ह्याच्या स्वरूपाइतकाच आरोपीच्या सांपत्तिक स्थितीचा विचार आवश्यक आहे. २००७ साली शांतिलाल खटल्यात न्यायालयाने दंड न भरल्याबद्दलची कैद ही मूळ शिक्षा नव्हे, असे स्पष्ट करून अमली पदार्थाच्या एका प्रकरणातील तीन वर्षांची अशी कैद सहा महिन्यांवर आणली. दोन्ही निर्णय उत्तम आहेत. दोन्ही प्रकरणे मोठ्या दंडाची होती, म्हणूनच ती दिल्लीपर्यंत पोहोचली.

उपायांविषयी थोडे

ऐपतीनुसार दंडाचा प्रयोग युरोपात शंभर वर्षांचा आहे. फिनलंडने १९२१ साली दिवस-दंडाची पद्धत आणली. गुन्ह्याच्या गांभीर्यावरून दिवसांची संख्या आणि उत्पन्नावरून एका दिवसाची रक्कम ठरते. इंग्लंडने १९९१ च्या कायद्याने असेच काही करून पाहिले आणि काही महिन्यांतच, १९९३ साली, ते गुंडाळले. उत्पन्नाची माहिती नीट न दिलेल्या एका इसमाला वेफर्सचे पाकीट रस्त्यावर टाकल्याबद्दल बाराशे पौंड दंड झाला आणि वृत्तपत्रांना आयताच विषय मिळाला. उत्पन्नाची नोंदच नसलेल्या आपल्या असंघटित क्षेत्रात हे गणित जमणार नाही, हा आक्षेप गंभीर आहे. फिनलंडची तऱ्हा येथे उतरवावी, असे म्हणण्याचा प्रस्तुत लेखकाचा आग्रह नाही.

केंद्र सरकारने २०२३ साली गरीब कैद्यांना साहाय्याची योजना आणली. दंड न भरता आल्याने तुरुंगात राहिलेल्या सिद्धदोष कैद्यास तीनुसार पंचवीस हजारांपर्यंत मदत मिळू शकते. हेतू स्तुत्य आहे. पण योजना तुरुंगाच्या दाराच्या आत सुरू होते. सरकारने दंड ठोठावायचा, माणसाला आत टाकायचे, मग समिती नेमून सरकारनेच तो दंड सरकारला भरायचा, या प्रदक्षिणेऐवजी दंड ठोठावण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे स्वस्त पडले असते. हप्त्यांची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६४ मध्ये आहेच. तीस दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते मिळू शकतात. मात्र त्यासाठी बंधपत्र लिहून द्यावे लागते, प्रसंगी जामीनदारही. जामीनदार ज्याला मिळतो त्याला हजार रुपये उसनेही मिळतात. परिवीक्षा अधिनियम, १९५८ मधील समज देऊन सोडण्याचा मार्ग अनेक किरकोळ गुन्ह्यांत उपलब्ध असूनही त्याचा आधार मागणारा वकील कबुलीच्या रांगेत सहसा नसतो.

खरी अडचण याहून साधी आहे आणि ती संहितेच्या मजकुरातच सापडते. किरकोळ गुन्हे संक्षिप्त रीतीने चालवले जातात. नव्या संहितेने तर ते बहुतांशी बंधनकारक केले आहे. संक्षिप्त खटल्यात दंडाधिकाऱ्याने कोणत्या बाबी नोंदवायच्या याची यादी जुन्या कलम २६३ मध्ये होती, तीच आता कलम २८६ मध्ये आहे. अनुक्रमांक, गुन्ह्याची तारीख, फिर्यादीची तारीख, फिर्यादीचे नाव, आरोपीचे नाव, त्याच्या आईबापांचे नाव, राहण्याचे ठिकाण, गुन्हा, आरोपीचे म्हणणे, निष्कर्ष, शिक्षा, समाप्तीची तारीख. चोरीसारख्या प्रकरणांत मालाची किंमतही लिहायची असते. आरोपी काय काम करतो, त्याचे रोजचे उत्पन्न किती, घरात खाणारी माणसे किती, यांपैकी एकाही गोष्टीस रकाना नाही. सर्वोच्च न्यायालयाने सत्तर वर्षांपूर्वी जे आवश्यक म्हटले ते नोंदवण्याची जागाच नमुन्यात नाही. जे लिहायचे नाही ते विचारले जात नाही; आणि सोमवारी सकाळी साठ प्रकरणांचा पुकारा ज्याच्यासमोर आहे त्या दंडाधिकाऱ्याला याबद्दल दोष देता येत नाही. उच्च न्यायालयाच्या परिपत्रकाने हा एक रकाना वाढवता येईल. त्यासाठी संसदेची गरज नाही, उत्पन्नाच्या दाखल्याचीही नाही. आरोपीच्या तोंडी सांगण्यावर तो भरता येईल. खोटे सांगणारे काही निघतील, जसे ते वयाच्या व पत्त्याच्या रकान्यात आजही निघतात.